दुकानासमोर पिवळा पट्टा आला, आता काय?

प्रश्न : महापालिका हद्दीत, जुन्या वस्तीत आमचं दुमजली घर आहे. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आम्ही राहतो, बाजूला नऊ फुटी गेट. समोर बारा मीटरचा रस्ता. पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी महापालिकेच्या माणसांनी आमच्या बाजूला पिवळा पट्टा मारला आणि ‘नो पार्किंग’चा फलक लावला. नोटीस नाही, विचारणा नाही. समोरच्या बाजूला मात्र दिवसभर गाड्या उभ्या असतात. आमच्याकडे मालाचा टेम्पो थांबला की चलान. गेल्या महिन्यात माझीच कार माझ्याच गेटसमोरून टोइंगवाल्यांनी उचलली. मी दारापुढे दोन कुंड्या ठेवून साखळी लावली, तर अतिक्रमण विभागाची नोटीस आली. तीस वर्षं मालमत्ता कर भरतोय. वकील म्हणतात, थेट स्टे आणू. आणावा का?

उत्तर : स्टेचं नंतर बघू. आधी कुंड्या आणि साखळी उचला, आजच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २३१ खाली रस्त्यावर ठेवलेली वस्तू आयुक्त नोटीस न देताही हटवू शकतात. तुम्हाला नोटीस आली हीच सवलत समजा. त्याहून मोठं कारण असं की, तुम्ही उद्या ज्या ज्या टेबलावर अर्ज घेऊन जाल तिथे फाइलच्या पहिल्या पानावर तुमचंच अतिक्रमण असेल. जागा मोकळी केल्यावर फोटो काढा, ‘कुंड्या व साखळी अमुक तारखेस काढल्या आहेत’ असं दोन ओळींचं पत्र अतिक्रमण विभागाला द्या आणि पोच घ्या. ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ छापाची पाटी असेल तर तीही उतरवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ प्रमाणे रस्त्यावर वाहतूक चिन्ह लावण्याचा अधिकार खासगी माणसाला नाही, आणि खरंच कुणाच्या टायरची हवा सोडलीत तर गुन्हा तुमच्यावर.

आता कराबद्दल. मालमत्ता कर भरल्याने दारासमोरचा रस्ता आपला होत नाही, तीस वर्षं भरला तरी. तुमचा हक्क आहे तो रस्त्यावरून मिळकतीत आणि मिळकतीतून रस्त्यावर ये-जा करण्याचा. गाडी उभी करण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणून ‘माझ्या दारासमोर माझी गाडी’ हा मुद्दा अर्जात एकदाही लिहू नका. तो वाचला की साहेब पुढचं वाचत नाहीत. ‘गेट अडतं, माल उतरवता येत नाही’ हा मुद्दा मात्र टिकतो. प्रवेशद्वार अडेल अशी गाडी उभी करायला वाहतुकीच्या नियमांतच मनाई आहे, पट्टा असो वा नसो.

खरा प्रश्न वेगळाच आहे : ही मनाई केली कुणी? पट्टा महापालिकेच्या पथ विभागाने मारला, पण मनाईचा अधिकार ब्रशातून येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कलम ११५ वाहनांवर निर्बंध घालण्याचं, ११६ फलकांचं आणि ११७ पार्किंगच्या जागा ठरवण्याचं. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत या कलमांखालचे आदेश वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त काढतात. महापालिकेशी विचारविनिमय होतो, पण सही पोलिसांची. रिवाज असा की, आधी तात्पुरता आदेश निघतो, त्यात ‘नागरिकांनी हरकती व सूचना अमुक तारखेपर्यंत लेखी द्याव्यात’ असं लिहिलेलं असतं, आणि हरकती पाहून अंतिम आदेश होतो. शिवाय कलम ११५ खालचा निर्बंध महिन्याहून जास्त चालणार असेल तर राजपत्रात अधिसूचना हवी. महिन्याच्या आतला असेल तर स्थानिक प्रसिद्धी पुरते.

इथेच गोष्टी बिघडतात. कधी आदेशच नसतो : कुणीतरी पत्र दिलं, पथ विभागाने पट्टे मारून टाकले. कधी आदेश असतो पण तात्पुरता, ड्रेनेजच्या खोदाईपुरता. खोदाई बुजली, फलक राहिला. कधी आदेशात ‘अमुक चौकापासून ५० मीटर’ असतं आणि ठेकेदाराने हात चालला तोवर रंगवलेलं असतं. आणि एक प्रकार तर पत्र वाचताना लगेच डोळ्यांसमोर आला : आदेश सम-विषम पार्किंगचा, म्हणजे पी-१, पी-२ चा. एका तारखेला ही बाजू, दुसऱ्या तारखेला ती. समोरचा फलक पडला किंवा लागलाच नाही, म्हणून तुमच्या बाजूला कायमची मनाई झाल्यासारखं दिसतं. तुमच्याकडे चारांपैकी काय घडलंय ते कागद हातात आल्याशिवाय कळणार नाही, आणि तोवर भांडून उपयोग नाही.

कागद मिळवायचा रस्ता म्हणजे माहितीचा अधिकार. अर्ज दोन करा, एक वाहतूक पोलिसांच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, दुसरा महापालिकेच्या पथ विभागाकडे. एकच अर्ज पालिकेला दिला तर तो कलम ६(३) खाली पोलिसांकडे वर्ग व्हायला हवा, पण त्यात दिवस जातात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज ‘जोडपत्र अ’ मध्ये, एकाच विषयावर आणि शक्यतो १५० शब्दांत. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चालतं. ‘पट्टा का मारला?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. कागद मागा. पोलिसांकडचा मजकूर साधारण असा :

‘विषय : (रस्त्याचं नाव), अमुक चौक ते तमुक चौक, पार्किंग मनाई. कालावधी : गेली दहा वर्षे ते अर्जाचा दिनांक. १) या भागासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६, ११७ खाली काढलेल्या सर्व तात्पुरत्या व अंतिम आदेशांच्या प्रती. २) त्यांवर आलेल्या हरकती-सूचना व त्यांवरील निर्णयाच्या टिपणीची प्रत. ३) फलक व पट्ट्यांसाठी महापालिकेस पाठवलेल्या पत्राची प्रत. ४) संबंधित संचिकेची पाहणी करू द्यावी.’

पथ विभागाच्या अर्जात कार्यादेश (वर्क ऑर्डर) मागा, आणि त्यासोबत त्या कामाच्या मोजमाप पुस्तकाच्या पानांची प्रत. ठेकेदाराचं बिल पट्ट्याच्या लांबीवर निघतं, त्यामुळे कुठून कुठपर्यंत किती मीटर रंगवलं याची नोंद त्या ‘एमबी’त असते. आदेशातले मीटर आणि एमबीतले मीटर शेजारी शेजारी ठेवले की ठेकेदार वाहवत गेला होता का ते कुणाशी वाद न घालता कळतं. घाई असेल तर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात महापालिकेत जाऊन फाइल पाहण्याची सोयही शासनाने २०१८ मध्ये केलेली आहे. तिचा उपयोग करणारे कमी, म्हणून गर्दीही नसते.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पवर. आणि ‘माहिती आढळून येत नाही’ असं उत्तर आलं तर ते रागाने फाडू नका. वाहतूक शाखेने ‘आदेश आढळत नाही’ असं लेखी देणं यासारखा दुसरा पुरावा तुम्हाला मिळणार नाही.

महिनाभर नुसतं थांबू नका. तीस मीटरची टेप आणि एक माणूस सोबत घ्या. जवळच्या चौकाच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून पट्टा सुरू होतो ते अंतर, फलकाचा खांब, तुमच्या गेटच्या दोन्ही कडा, पट्टा संपतो ती जागा, सगळं एका साध्या आकृतीवर मीटरमध्ये लिहा. रस्त्याची रुंदी दोनदा मोजा, एकदा घरापासून घरापर्यंत, एकदा फक्त डांबराची. फलकाचा फोटो चालकाच्या नजरेतून घ्या, म्हणजे फांदीने झाकला असेल तर तेही दिसेल. फलकावर नेमकं काय आहे तेही नीट बघा : निळ्या गोलावर एकच तिरकी लाल रेघ असेल तर मनाई गाडी लावून ठेवायला आहे. दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाच मनाई. एकरेघी फलकाखाली ‘चालक जागेवर, माल उतरतोय’ एवढा तरी मुद्दा मांडता येतो, फुलीखाली तोही नाही. आणि दुकानात एक वही ठेवा. चौदा दिवस, प्रत्येक मालाची गाडी : किती वाजता आली, कोणती होती, किती मिनिटांत गेली. पुढे सवलतीची वेळ मागताना ‘सकाळी फार गाड्या येतात’ यापेक्षा ही वही ठेवलेली बरी.

आता जमिनीबद्दल, कारण पुष्कळ मिळकतदार याच ठिकाणी आपली खरी बाजू ओळखत नाहीत. दुकानाच्या शटरपासून पिवळ्या पट्ट्यापर्यंत किती अंतर आहे? शटर थेट पदपथाला भिडलेलं असेल, जसं गावठाणातल्या जुन्या घरांचं असतं, तर हा परिच्छेद सोडून पुढे जा. पण मध्ये दोन-तीन मीटर मोकळी जागा असेल, तर ती रस्त्याची की तुमची हे आधी ठरवा. मंजूर नकाशा काढा, त्यात पुढचं सामासिक अंतर, म्हणजे इमारतीपुढे मोकळी सोडलेली जागा, दाखवलेलं असतं. समजा नकाशात शटरपुढे तीन मीटर आहे आणि आज पदपथाची कड एका मीटरवर आहे, तर दोन मीटर तुमची जमीन पदपथाखाली गेली आहे. कशी गेली? रस्तारुंदीत तुमच्या वडिलांनी किंवा आधीच्या मालकाने ताबा देऊन त्या बदल्यात चटई क्षेत्र (एफएसआय), टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) किंवा पैसे घेतले असतील, तर विषय मिटला. ताबा पावती आणि मिळकत पत्रिकेवरचं कमी झालेलं क्षेत्र तेच सांगेल. तसं काहीच झालं नसेल तर नगर भूमापन कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि महापालिकेकडून महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खालची रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे रस्त्याची अधिकृत कड, आखून मागा. मोजणीत जागा तुमची निघाली तर भांडण पार्किंगचं राहत नाही, ते भूसंपादनाचं आणि मोबदल्याचं होतं. त्याला वकील वेगळा, वेळ वेगळा, आणि वजनही वेगळं.

टोइंगशीही याचा संबंध आहे. मोटार वाहन कायद्यात ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती. तुमच्या हद्दीच्या आत, स्वतःच्या जागेत उभी असलेली गाडी पार्किंगच्या मनाईखाली उचलता येत नाही. पण हद्द कुठे संपते हे तुम्हालाच दाखवता आलं नाही तर तो मुद्दा हवेत राहतो. पुढची जागा तुमची असेल तर निदान फरशीचा रंग तरी बदलून घ्या, हद्दीच्या आत.

मंजूर नकाशा हातात आहेच तर आणखी एक गोष्ट तपासा. नकाशात तळमजल्यावर पार्किंग दाखवलंय आणि तिथे आज पत्र्याचा स्टॉक आहे, असं तर नाही ना? असेल तर ती जागा आधी मोकळी करा. तुम्ही रस्त्यावर जागा मागायला गेलात की बांधकाम विभागाची फाइल कुणीतरी उघडतंच, आणि मग तुमच्या अर्जाच्या उत्तरात नगररचना कायद्याखालची नोटीस येते.

कागद आले, मोजमाप झालं, की अर्ज वाहतूक शाखेच्या उपायुक्तांना, प्रत पथ विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना आणि क्षेत्रीय कार्यालयाला. आदेश नसेल किंवा मुदत संपलेली असेल तर मागणी सरळ आहे : फलक आणि पट्टा काढावा, आणि निर्णय होईपर्यंत इथली टोइंग कारवाई थांबवावी. आदेश वैध असेल तर ‘नो पार्किंग रद्द करा’ असं मागू नका, कारण ते मान्य होणार नाही, आणि का ते तुमच्याच टेपने दाखवलेलं असेल. बारा मीटरच्या रस्त्यात दोन्ही पदपथ वजा जाता डांबर आठ मीटरच्या आसपास उरतं. उभ्या गाडीने दारासकट दोन ते अडीच मीटर खाल्ले, तर दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्यावर मधे तीन-चार मीटर राहतात. त्यात समोरासमोर दोन टेम्पो आले की एकाला मागे जावं लागतं. एक बाजू मोकळी ठेवली की साडेपाच-सहा मीटर मिळतात. म्हणजे एका बाजूची मनाई योग्यच आहे. वाद एवढाच की ती बाजू रोज तुमचीच का.

म्हणून मागण्या तीन, याच क्रमाने. पी-१, पी-२ लागू करावं. ते जमत नसेल तर मालाच्या चढ-उतारासाठी ठरावीक वेळ द्यावी, तुमच्या वहीतली सर्वात गर्दीची दोन तासांची खिडकी, प्रत्येक गाडीला वीस मिनिटं, आणि ती वेळ फलकावर लिहावी. आदेशात सवलत आणि फलकावर नाही, असं झालं तर टोइंगच्या गाडीवरचा माणूस फलकच मानणार. तिसरी, गेटच्या रुंदीइतक्या लांबीत जाळीदार पट्टे मारावेत, म्हणजे तिथे कुणीच गाडी लावणार नाही. तुम्हीसुद्धा नाही, हे लक्षात ठेवा.

पी-१, पी-२ मागण्याआधी समोरच्या दुकानदारांशी बोला. त्यांना आज रोज मिळतंय ते एक दिवसाआड होणार, म्हणून हरकत त्यांचीच येणार. त्यांच्याकडेही मालाच्या गाड्या येतातच. चढ-उताराची वेळ दोन्ही बाजूंना मागितली तर त्यांच्या सह्या मिळण्याची शक्यता वाढते. रस्त्यावरून बस जात असेल तर मात्र पी-१, पी-२ चा आग्रह सोडून थेट दुसऱ्या मागणीवर या. बसथांबे रोज बाजू बदलत नाहीत.

चलानांचं. प्रत्येक ई-चलान महाट्रॅफिकच्या पोर्टलवर किंवा ॲपवर उघडा आणि फोटो, वेळ, ठिकाण, कलम नीट बघा. फोटोत गाडी तुमच्या गेटच्या आत असेल, ठिकाण दुसराच चौक असेल किंवा क्रमांक चुकलेला असेल तर तिथेच तक्रार नोंदवा, आकृती जोडून. वाद घालायचा असेल ते चलान भरू नका. दंड भरला की ते प्रकरण तडजोडीने मिटलं असं धरलं जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि नंतर १,५०० रुपये, त्यावर टोइंगचा खर्च वेगळा. टेम्पोचं चलान टेम्पोमालकाच्या नावावर निघतं, ते त्यालाच उघडायला सांगा. आणि एक गैरसमज काढून टाका : आदेश नव्हता म्हणून सगळी चलानं आपोआप रद्द होत नाहीत. गाडी खरंच वाहतुकीला अडथळा करत होती असं फोटोत दिसलं तर पट्टा नसतानाही कारवाई होते. कारच्या बाबतीत हेच म्हटलं जाईल, कारण ती गेटच्या तोंडाशी होती. त्यात शक्ती घालवू नका.

आता तुमच्या वकिलांचा स्टे. महापालिकेवर दावा लावण्याआधी महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे एक महिन्याची लेखी नोटीस लागते, आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा. तुमचे पाच महिने गेलेत. म्हणजे पुढचं काहीही ठरो, नोटीस या आठवड्यात गेली पाहिजे, आणि उरलेल्या मुदतीचा हिशेब वकिलांकडून कागदावर घ्या. पोलिसांचा आदेश असेल तर सरकारही प्रतिवादी होतं, आणि त्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. तातडी असेल तर कोर्टाच्या परवानगीने ती सोडून दावा लावता येतो, पण मग तातडी कुठली ते दाखवावं लागतं, आणि पाच महिने गप्प बसलेल्याला ते जड जातं. नोटीस पाठवणं म्हणजे दावा लावणं नव्हे. पाठवा, हक्क जिवंत ठेवा, आणि माहिती अधिकाराची उत्तरं येऊ द्या.

कोर्टात जाण्यात अर्थ आहे तो तीन परिस्थितींत : आदेश नाही असं लेखी मिळूनही कारवाई चालूच आहे, पट्टा किंवा पदपथ तुमच्या मालकीच्या जागेवर आहे, किंवा दुभाजक, खांब, कठडे लावून गेटची ये-जाच बंद केली आहे. तिसऱ्यात तर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिकेचाही विचार होतो. वैध आदेश, हरकतींची मुदत दिलेली, फलक जागेवर, असं असेल तर कोणत्या बाजूला गाड्या लावाव्यात हे ठरवायला न्यायाधीश सहसा बसत नाहीत. तुमच्या पत्रावरून तरी हे प्रकरण कोर्टापेक्षा उपायुक्तांच्या टेबलावर लवकर सुटेल असं दिसतं.

(नगरपरिषद हद्दीतल्या वाचकांसाठी : तिथे कायदा १९६५ चा, नोटिशीचं कलम ३०४. आयुक्तालय नसलेल्या भागात पार्किंगचा आदेश पोलीस उपायुक्तांऐवजी जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावाने शोधा.)

राहिला रोजचा माल. तुमचं गेट नऊ फुटी आहे. छोटा हत्ती टेम्पो साधारण पाच फूट रुंद आणि साडेबारा फूट लांब. गेटच्या आत तेवढी लांबी असेल तर तो मागे घेऊन आतच उतरवून घ्या, पहिले दोन-तीन दिवस एक माणूस रस्त्यावर उभा करून. पत्र्याची मोठी गाडी आत येणार नाही. ती आठवड्यातून किती वेळा येते ते वहीत दिसेलच. तेवढ्या फेऱ्या दुकान उघडण्याआधीच्या वेळेत घ्यायला पुरवठादाराला आजच सांगून ठेवा.